खिळे असलेलं लाकूड

व्हर्नर हार्यूने चाळीस वर्षं जंगलात झाडं तोडली आणि कुणाचं वाकडं केलं नाही. तरी गावात त्याची ओळख एकच: नेम चुकलेला व्हर्नर.

अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवराच्या या अंगाला पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार खुली होते. आदल्या दिवशी पुरुष मंडळी रानातल्या, ओंडक्यांनी बांधलेल्या कॅम्पवर जमतात, मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या हाणतात, सॉनाच्या वाफेत घाम काढतात. ज्याचा नेम चुकतो, त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकायचं ही तिथली रीत. व्हर्नरचा लाल चौकड्यांचा तुकडा एकोणतीस वर्षं भिंतीच्या एका ओंडक्यावर होता. त्याच ओंडक्यावर, त्याच्या बरोब्बर वर, नेम चुकला त्याच दिवशी डेल लाहतीला मिळालेल्या हरणाची शिंगं. डेल हा त्याचा मावसभाऊ. नव्या माणसाला तो हमखास दाखवायचा, "हे माझं, आणि खालचं आमच्या आंधळ्याचं!"

तुकडा ठोकला तेव्हा व्हर्नरचे वडील तिथेच बसले होते. त्यांनी मुलाला दिलेली स्वतःची जुनी बंदूक तेवढी परत घेतली, आणि त्याच हिवाळ्यात गेले.

यंदा ऑक्टोबरात, चर्चमध्ये कॉफी ओतता ओतता डेलच्या बायकोने, इर्माने, व्हर्नरच्या हातात काडेपेटी ठेवली. आत एक चेपलेली जाड गोळी होती. तसली गोळी सगळ्या कॅम्पात एकाच बंदुकीची, त्याच्या वडिलांच्या.

"त्या हरणाचं मांस कापताना खांद्यात सापडली," इर्मा म्हणाली. "हरीण तूच पाडलंस. डेलला ते पुढे पडलेलं दिसलं, एवढंच."

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"तेव्हा मी त्याला भीत होते रे."

व्हर्नरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी त्याने अवजारांचं दुकान गाठलं. कॅम्पची साखळीची करवत, चेनसॉ, बिघडली होती आणि नवी निवडायचं काम नेहमीप्रमाणे त्याच्याकडेच होतं.

दुकानदार कार्लने बॅटरीवरची पुढे केली. "ही घे. आवाज नाही, धूर नाही."

"आवाज पाहिजे मला. पेट्रोलची दे. पातं अठरा इंची."

"चुलीची लाकडं कापायला अठरा?"

"एक जुना ओंडका आहे. आणि वर एक जादा साखळी दे. त्या ओंडक्यात खिळे आहेत."

कार्ल हसला. "खिळ्यांच्या लाकडाला करवत लावणार? तू? पोरांना याच्यावरून शिव्या घालायचास!"

"अजूनही घालतो," व्हर्नर म्हणाला. त्याने पायांना बांधायचं जाड कापड, जाळीचं हेल्मेट आणि हातमोजे बघून, ताणून, नीट पारखून घेतले. एवढ्या मन लावून त्याने लग्नाचा कोटही घेतला नव्हता.

चौदा तारखेला संध्याकाळी सगळे टेबलाशी असताना त्याने काडेपेटी उघडून डेलसमोर ठेवली.

"इर्माला मांसात सापडली. कुणाच्या बंदुकीची, सांग."

डेलचा चेहरा पडला. "अरे, इतकी जुनी गोष्ट... गंमत होती ती."

"बाबांना सांगितलं होतंस, गंमत आहे म्हणून?"

 व्हर्नरने हेल्मेट चढवलं, करवतीची दोरी ओढली आणि शिंगांखालच्या डेलच्या पलंगावर चढून भिंतीला पातं लावलं. खिळ्यांवर साखळी किंचाळली, ठिणग्या उडाल्या, शेवटी दात गेले. त्याने शांतपणे जादा साखळी बसवली आणि दुसऱ्या बाजूनेही कापलं. कुणीही त्याला अडवलं नाही. शिंगांसकट, तुकड्यासकट ओंडका निघाला आणि सरोवरावरचं बोचरं वारं थेट डेलच्या उशीवर येऊ लागलं.

"आता मी झोपू कुठे?" डेल ओरडला.

"तिथेच. आणि ते भोक बुजवलंस तर पुढच्या वर्षी दुसरं पाडीन."

ओंडका गाडीत घालून तो तडक दफनभूमीत गेला आणि वडिलांच्या दगडाला टेकवून ठेवला.

"बाबा, लागली होती," तो म्हणाला.

उत्तर कुठून येणार?  भिंतीचं भोक त्याने एखाद वर्षी बुजवूही दिलं असतं. पण या न आलेल्या उत्तराबद्दल डेलला माफी नव्हती, कधीच नाही.