मोराचा गळा

मिलमध्ये छपाईचे रंग कालवतात त्या जागेला कलर किचन म्हणतात. हेमराजनं अर्धी हयात तिथं घालवली होती. फिरोजी सांगितला की फिरोजी, हिरवट-निळा रामा म्हटला की रामा. त्याच्या बादलीत कुणी दुसऱ्यांदा डोकावत नसे. आणि मंगळवारी छपाई खात्याच्या मास्तरनं छापून आलेली चिंधी त्याच्या नाकासमोर धरली.

"हेमराजभाई, रामा मंगाया था. ये क्या है?"

हेमराजनं निरखून पाहिलं. त्याला तो रामाच दिसत होता.

"पानी खारा आ रहा है, मास्तर," तो कसंबसं बोलला. मास्तर हसला, चिंधी फेकून निघून गेला. त्याच्यापुरतं प्रकरण मिटलं. हेमराजच्या डोक्यातून मात्र ते जाईना.

म्हणून सुट्टीच्या दिवशी तो ॲक्रेलिक रंगांच्या ट्यूबा घेऊन घरी, डिंडोलीतल्या खोलीवर आला. साड्यांना फॉल लावत बसलेल्या जयश्रीनं मशीन थांबवलं.

"आज सूर्य कोठे उगना? पोरले रंग लयनात?"

बायकोच्या टोमण्यावर तो नुसता हसला. मशीन पुन्हा घरघरू लागलं. जयश्रीच्या मोडलेल्या मनगटाचा जुना एक्स-रे त्यानं ट्रंकेतून काढला, ब्लेडनं त्यात खाचांचा मोर कापला. तुरा, गळा, पंख, पाय, बाजूला दोन पानं. मोराच्या शेजारी हाडांची सावली तशीच राहिली. खिडकीखाली कागद अंथरून त्यावर एक्स-रे ठेवला. उजेड चांगला हवा होता. नंतर उजेडाला दोष द्यायला जागा राहू नये.

"आपण एक खेळ खेळू," तो लेकीला, पल्लवीला म्हणाला. "मी भिंतीकडं तोंड करतो. तू एकेका खाचेत रंग भर. मी वळून ओळखणार."

तिसरीतल्या पल्लवीला आणखी काय हवं? स्पंजचा तुकडा घेऊन ती गुडघ्यांवर बसली.

"रंग कमी घे. टिपत जा, फासू नको. कडेखाली पाझरतो."

"माहितीए हो, पप्पा. तिकडे बघा!"

भिंतीला ओल आली होती. हेमराज त्या डागाकडे बघत राहिला. मागं स्पंजचे हलके ठोके.

"चालो!"

तो वळला. तुरा पिवळा. "पिवळा."

"साचुं!" पल्लवी तिच्या शाळेतल्या गुजराती बाईंच्या थाटात ओरडली.

मग गळा. हेमराज खाली वाकला. "हिरवा."

"खोटुं! पप्पा, मस्करी नका करू ना!" ती खदखदा हसली. हेमराजही हसला.

पान. आता चुकायचं नव्हतं. तो बराच वेळ बघत राहिला. रंग मळलेल्या पाण्यासारखा दिसत होता. "निळा?"

पल्लवी हसली नाही. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "साचुं."

त्याच्या जिवात जीव आला. दुसरं पान. "हिरवा." साचुं. पंख. "निळा." साचुं. म्हणजे मंगळवारी पाणीच खारं होतं. डोळे शाबूत होते. तो मोकळा श्वास घेणार, तेवढ्यात त्याच्या मनाला शंका चाटून गेली. बरोबर आलं की मघाशी ती ओरडत होती. आता का नाही?

पुढची खाच लाल होती. त्यात काही प्रश्न नव्हता. लाल त्याला लालच दिसत होता. तो म्हणाला, "पिवळा."

पल्लवी स्पंज चिवडत राहिली. "साचुं," ती म्हणाली.



"हा लाल आहे, पल्लवी."

"हो."

"मग साचुं का म्हटलीस?"

"तुमचं तोंड कसंतरी झालं होतं. म्हणून."

"आता खरं सांग. गळा कोणता?"

"निळा."

"आणि पानं?"

"दोन्ही हिरवी. पंख पण हिरवे."

तो पुन्हा वाकला. गळा आणि पानं. पानं आणि गळा. एकाच बादलीतून काढल्यासारखे.

"माले दोन्ही एकच दिसतस," तो म्हणाला. इतके दिवस दडवून ठेवलेलं वाक्य सरळ बाहेर पडलं, आणि त्याचाच त्याला दचका बसला.

कोपऱ्यातलं मशीन केव्हाच थांबलं होतं.

"कधीपासून?" जयश्रीनं विचारलं.

"कळत नाही."

"आणि तशाच बादल्या कालवी राहिनात?"

तो एका ट्यूबचं टोपण लावू लागला.

"सकायले डोयासना दवाखाना," ती म्हणाली. "पहिले मास्तरले सांगा."

"किचनमधून काढतील."

"तुमनी बादली सारी मिलमा फिरस. दुसऱ्यानी चूक धरी, तव काय करशात?"

त्याला ते दिसलं. टेबलभर पसरलेलं चुकलेलं कापड, भोवती सगळे उभे, कुणी बोलत नाही. हे चित्र मंगळवारपासून त्याच्या डोळ्यांसमोर होतं. त्यातले रंग तेवढे स्पष्ट होते.

"पप्पा, एक्स-रे सरकतोय. धरा ना."

त्यानं डाव्या पंज्यानं एक्स-रे घट्ट दाबला. उजव्या हातानं मोबाईल काढून नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मास्तरनं उचलू नये, असं त्याला क्षणभर वाटलं.

"हां, बोलो हेमराजभाई."

"मास्तर," हेमराज म्हणाला, आणि त्याच्या पंज्याखालचा एक्स-रे जरा सरकला.

"पप्पा," पल्लवी स्पंज वर धरून थांबली, "हलू नका."