टेबलावरचे बाबा

हॉटेलांसाठी क्यूआर कोडच्या पाट्या बनवणारा एकजण बरकतपुऱ्यात आहे. नाही म्हणणं त्याला जमत नाही. काहीही सांगा, "करू की भाई, फिकर नक्को," म्हणतो.

आमच्या टिफिन सेंटरच्या टेबलांवर चिकटवायच्या मेनूच्या कोडमागे मला बाबांचा फोटो हवा होता. बाबा नुकतेच गेले होते. त्यालाही तो हो म्हणाला.

नमुना आणून त्यानं टेबलावर चिकटवला आणि चहाचा कप सरळ बाबांच्या कपाळावर ठेवला. मी झटकन उचलला. कपाळावर ओलं वर्तुळ उमटलं होतं.

"गिऱ्हाईक उचलणार नाही, भाई," म्हणत त्यानं पिशवीतून दुसरी, उभी पाटी काढली. तिच्यावर बाबा होते.

ती गल्ल्यावर ठेवली. बाबा तिथंच बसायचे.