पाच वेळा धुतलेला पक्षी

तेलाने माखलेले समुद्रपक्षी धुवायचं काम आमच्या मावशी करायच्या. बंदरावरच्या पक्ष्यांच्या दवाखान्यात येण्याआधी त्यांनी वीस वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत काढली होती, त्यामुळे स्वच्छतेच्या बाबतीत त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. मी त्यांच्या हाताखाली होते. माझ्या धुण्याला त्यांनी एकदाही बरं म्हटलं नाही.

एकदा एक तुरेवाला काळा पक्षी आला. तेलाच्या घाणीतूनही त्याच्या मानेला सोललेल्या संत्र्यासारखा वास येत होता. मावशींना तीही घाणच वाटली. डॉक्टरांनी दोनदा धुवायला सांगितलं होतं, यांनी पाच वेळा धुतला. वास गेला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

आठवड्याभरात त्याच्या पिसांत उवा झाल्या. आधीच अशक्त झालेला तो पक्षी त्यातच गेला.

डॉक्टर हळूच म्हणाले, "मावशी, तो वास त्याचा स्वतःचा होता. त्याने उवा, गोचिड्या लांब राहतात. आपल्याला फक्त तेल काढायचं होतं."

आता या डॉक्टरांना झाडणार, असं मला वाटलं. पण त्या टबाच्या काठावर मटकन बसल्या.

"आमचे हे गेले ना," त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी मी त्यांचे सगळे शर्ट धुतले. उशीचा अभ्रासुद्धा सोडला नाही. संध्याकाळी माणसं पांगल्यावर एक शर्ट नाकाशी धरला, तर नुसता साबण."