पाण्याखालची रुपा

वीरसिंग वसावेने बायकोला सुरतेच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा वसाहतीतल्या बायका दारातच रडायला लागल्या. पोटातली गाठ पसरली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. सोनीबाईने जीपमधून उतरता उतरता त्यांना विचारलं, की मिरची तोडून झाली का. मग म्हणाली, की आधी चहा टाका, रडायचं ते नंतर बघू.

तिचा स्वभावच तसा. तळोद्याजवळच्या या धरणग्रस्तांच्या वसाहतीत ती आली तेव्हा पंचविशीची होती. धरणाचं पाणी चढत गेलं आणि मणिबेलीच्या बाजूचा, नर्मदेकाठचा त्यांचा पाडा त्यात गेला. सागाचे खांब, कौलं, कोंबड्या, सगळं ट्रकमध्ये घालून आणता आलं. रुपाला आणता आलं नाही. रुपा म्हणजे त्यांची पहिली मुलगी. दोन वर्षांची असताना तापाने गेली. लहान लेकरू म्हणून तिला जाळलं नव्हतं, घरामागच्या मोहाखाली पुरलं होतं. पुढे तो मोहही बुडाला.

वीरसिंगने त्यानंतर पोरीचं नाव काढणंच सोडलं. सोनीबाई मात्र भेटेल त्या जाणत्या माणसाला एकच गोष्ट विचारायची: माझी पोर आता कुठे असेल? नवापूरकडून प्रार्थनेला येणाऱ्या निर्मलाबाई गावितांनाही तिने तेच विचारलं. त्यांनी सांगितलं, की तुझी पोर येशूपाशी आहे, आणि शेवटच्या दिवशी तो हाक मारील तेव्हा मातीतली माणसं उठतील तशी पाण्यातलीही उठतील. सोनीबाईने लगेच मान डोलावली नाही. दोन पावसाळे ती याच गोष्टीवर निर्मलाबाईंशी वाद घालत राहिली, आणि मग एके दिवशी बाप्तिस्मा घेऊन आली. वीरसिंग आपल्या देवांचाच राहिला. इंदलाच्या पूजेच्या वेळी ती पाहुण्यांना भाकऱ्या थापून घालायची, रविवारी तो तिला मोटरसायकलवरून प्रार्थनेला सोडायचा. त्यावरून घरात कधी कुरबुर झाली नाही.

कुरबुर झाली ती आता. ख्रिस्ती मंडळीला नाल्यापलीकडे दफनासाठी जमिनीचा तुकडा मिळाला होता, पण तिथे अजून एकही कबर नव्हती. त्या ओसाड काळ्या मातीत पहिलं जायला कुणाचं मन घेत नव्हतं. सोनीबाईने सांगून टाकलं, की मला तिथे ठेवा. वीरसिंगच्या मनात वेगळंच होतं. तिला नदीकाठच्या डोंगरावर, रुपाजवळ न्यायचं त्याने केव्हाच ठरवलं होतं. दोघंही हटेनात. शेवटी सुनेने, नूतनने, तोडगा काढला, की आधी एकदा जाऊन जागा तरी बघून या.

जीपने काठापर्यंत आणि पुढे काठावरच्या हिलाल नावाड्याच्या मोटरबोटीने ते निघाले. नूतनने सासूला गोधडीत गुंडाळून टेकून बसवलं होतं. उन्हाळ्यामुळे पाणी उतरलं होतं. मेलेल्या झाडांचे काळे शेंडे वर आले होते. एका ओळखीच्या टेकडीसमोर वीरसिंगने हात वर केला. हिलालने इंजिन बंद केलं.

"इथेच घर होतं," वीरसिंग म्हणाला, आणि तीस वर्षं आवरून धरलेलं रडू त्याला आवरेना. "तू जाशील. ती इथे खाली एकटी पडेल."

"एकटी कशी? मी तिच्याकडेच तर चाललेय," सोनीबाई म्हणाली. "देवाला काय पाणी आणि काय माती. तो हाक मारील तेव्हा ती इथून उठेल, मी तिथून उठेन."

"तुला खरंच असं वाटतं?"

"वाटत नाही. ठाऊक आहे मला." थोडा दम घेऊन ती पुढे म्हणाली, "दुखण्याची भीती वाटते. रात्री फार दुखतं. मरणाची नाही वाटत. मला वसाहतीतच ठेव. कुणी तरी आधी निजल्याशिवाय बाकीच्यांचा धीर व्हायचा नाही."

वीरसिंगने वाद घातला नाही. त्याने ओंजळीत पाणी घेतलं, तिच्या हातावर सोडलं, आणि पोरीला कितीतरी वर्षांनी नावाने हाक मारली. परतताना हिलालच्या घरी सोनीबाईने मासळीचे दोन घास खाल्ले. कित्येक दिवसांत तिच्या पोटात अन्न ठरलं नव्हतं, ते त्या दिवशी ठरलं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ती गेली. दुपारची वेळ होती, वीरसिंग उशाशी बसला होता. शेवटी शेवटी दुखणं वाढलं, पण डोळे निवांत होते. तिच्या सांगण्याप्रमाणे दीर-पुतण्यांनी ढोल वाजवला आणि मंडळीने गाणी म्हटली, दोन्ही एकाच वेळी.

ईस्टरच्या पहाटे पास्टर इंद्रसिंग मंडळीला घेऊन नाल्यापलीकडे आले. अख्ख्या शेतात तेवढी एकच कबर. लोक तिच्याभोवती उभे राहून येशू उठला आहे असं गात होते. एका म्हाताऱ्याने तर काठीने शेजारची जागा आखून नातवाला दाखवून ठेवली. वीरसिंग गायला नाही, पण शेवटपर्यंत थांबला. सगळे पांगल्यावर त्याने पास्टरांना विचारलं, की माझ्यासारख्याला तिच्या दुसऱ्या अंगाला जागा मिळेल का.

"मिळेल," इंद्रसिंग म्हणाले. "बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा, घाई नाही."

वीरसिंगने मान हलवली, आणि गुरांनी कबर तुडवू नये म्हणून बोरीच्या काट्या तोडायला बांधाकडे निघाला.