मयताच्या कापडाचा परवाना

उमाजीमामाच्या दुकानात कुणी गेलं तर तो 'या' म्हणायचा नाही. 'काय पाहिजे' असंही विचारायचा नाही. एवढंच विचारायचा, "उंची किती?" आमच्या जवळा बाजार गावात मयताचं सामान त्याच्या एकट्याकडे मिळायचं. बांबू, सुतळी, मडकं, कोरं कापड. माणसं त्याच्यासमोर ताठ उभी राहत नसत. त्याचं घर आमच्या समोरच. मी नवी नांदायला आले तेव्हा मीही त्याला पाहिलं की जरा वाकूनच चालायची.

लढाईच्या दिवसांत कापडावर कंट्रोल आला. परवान्याशिवाय दुकानदाराला कापड बंद. परवाना नाही म्हणजे मामाचं दुकान बंद. मी चौथी शिकलेली, म्हणून तो अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आला. महिन्याला गिऱ्हाईक किती, हे त्यात लिहायचं होतं.

"पाच लिहू का, मामा?"

"लिही. पण ते पाच कोण, सांग बरं पोरी."

मी गावातली माणसं आठवू लागले. पहिली आठवली ती माझी सासू. मी लेखणी खाली ठेवली.

"कोरी सोड ती जागा," मामा म्हणाला. "किती मरतील ते मी काहून लिहून देऊ?"

हिंगोलीच्या निजामी कचेरीतून अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्या खेपेला कारकूनच वैतागला. मयताच्या सामानाचा रकाना त्याच्या वहीत नव्हताच. त्यानं आपल्या हातानं लिहिलं, लग्नाचं सामान, महिन्याला पाच लग्नं. मामा तो परवाना माझ्यापुढे धरून बसला.

"हे बराबर हाय का गं?"

"कापड मिळतंय न्हवं? मग गप बसा."

"पण लगीन लिवलंय."

"कोरं कापड लग्नालाबी लागतंच की."

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा तेच विचारलं. पुढचे कितीक दिवस त्याचं हेच चाललं. शेवटी मलाही कळेना की आपण खरं बोलतो आहोत की खोटं.

त्याच साली गावात पटकीची साथ आली. महिन्याची पाच कापडं आठवड्यात संपली. मामा हिंगोलीला गेला आणि रिकाम्या हातानं आला.

"काय झालं?"

"कारकून म्हणला, छठी शादी किसकी? दूल्हे का नाम लिखाओ, कपडा ले जाओ."

"मग सांगायचं कुणाचंबी!"

"जित्या पोराच्या नावावर मयताचं कापड उचलू? मी सांगून टाकलं, साहेब, लगीन न्हाई, मयत हाय."

"आणि परवाना?"

"घेतला काढून."

मी त्याला नको नको ते बोलले. त्या पटकीत माणसं जुन्या धोतरांत, फाटक्या लुगड्यांत गेली. मामा रोज बांबू तोडून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही, पण कापड कुठून देणार? लोक त्याच्या तोंडावर शिव्या द्यायचे. एक दिवस तो आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"पोरी, मी चुकलो का?"

"व्हय," मी म्हणाले.

"मलाबी तसंच वाटून राहिलं," तो म्हणाला. "पण उद्या परत विचारलं, तरी नाव न्हाई सांगता यायचं मला."