ताटाशेजारची बाटली

शितोळे आप्पा रस्सा चाखायच्या आधी ऐकायचे. आम्ही रेल्वेचे ड्रायव्हर-गार्ड गाडी सोडून जिथं जेवायचो, झोपायचो, त्या दौंडच्या रनिंग रूमचे ते खानसामा. पातेल्याजवळ कान नेऊन म्हणायचे, "अजून पाणीच बोलतंय. मटण बोललं की उतरवू." भुकेल्या गार्डाला याचा संताप यायचा. पण मटण बोलायचं, हे खरं.

निवृत्तीनंतर मी शिरूरला घर बांधलं, ते दौंडलाच राहिले. एकदा माझ्याकडे येताना त्यांनी शिरूरच्या दुकानातल्या अगदी खालच्या फळीवरून धूळ बसलेली एक रेड वाइन उचलून आणली. निमोण्याकडच्या कुणा द्राक्षवाल्यानं केलेली. लेबलावरचा घड शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला काढल्यासारखा. किंमत अर्धा किलो मटणाहून कमी. "ही कुणी न्हेत न्हाई," दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं. आप्पांनी भाकरी-मटणाचा घास घेतला, वर एक घोट घेतला आणि दुसरा घास मोडला. मग म्हणाले, "तोंड धुतल्यावानी झालं. पुढचा घास परत पहिला वाटतोय."

वाइनवर इतकं नेमकं बोललेलं मी नंतर कुठं ऐकलं नाही. पुण्यातल्या एका हॉटेलात मी त्यांना मुद्दाम नेलं होतं. तिथं टाय लावलेला एक गृहस्थ पेला फिरवत चामडं, तंबाखू आणि ओल्या लाकडाचा वास सांगत होता. आप्पा माझ्या कानात म्हणाले, "चामड्याचा वास येतोय म्हंतो, आन् तरी पितोय?"

आमच्याकडे पिणं जेवणाआधी आणि गाडीच्या डिकीत. पाहुणे आले की पुरुष "जरा गाडीतनं येतो" म्हणून उठतात, आणि वेलदोडा चघळत परततात. बायकांना काही कळत नाही, असं सगळे पुरुष मानतात. आप्पांना याची चीड होती. "जे ताटाशेजारी ठेवता येत न्हाई, ते पोटात कशाला घालायचं?"

हे वाक्य त्यांच्या मुलीच्या, पल्लवीच्या, मुळावर यायची वेळ आली. कंपनीतला एक मुलगा तिनं स्वतः पसंत केला होता. त्याचे वडील रावसाहेब, मांडवगण फराट्याचे. सोसायटीत वजन, मनगटात त्याहून जड सोन्याचं कडं. लग्नाचं बोलायला ते जेवायला येणार होते, आणि आप्पा पंगतीत बाटली ठेवणार म्हणून अडून बसले होते.

"भावजी, तुमचं ऐकतील," वहिनी रडवेल्या झाल्या. "एवढा एक दिवस कपाटात ऱ्हाऊ दे म्हणा."

मी म्हणालो, "आप्पा, तत्त्व तुमचं, पण लग्न तिचं आहे. तिला विचारलंत का?"

आप्पांनी मान वळवून पोरीकडे पाहिलं. पल्लवी मघापासून तेच एक ताट पुसत होती. वर न बघता म्हणाली, "ठेवायची तर मी ठेवीन. लपवालपवीच्या घरात जायचंय का, ते आजच कळू दे."

पाहुणे आले. बोलणी चांगली चालली होती. पानं घ्यायच्या आधी रावसाहेब उठले. "गार्डसाहेब, चला, गाडीतनं पाण्याची बाटली आणू." मी गेलो. सवयीनं गेलो, हे कबूल करतो. डिकी उघडली, मिटली. वेलदोडे वाटले गेले.

आत येऊन बसलो, तर पल्लवीनं ताटांच्या मधोमध ती निमोण्याची बाटली ठेवली. ठेवताना तिच्या हातून ती ताटाच्या कडेवर दोनदा वाजली.

रावसाहेबांचा चेहरा ताठ झाला. "शितोळे, हे काय? बायामाणसांसमोर?"

कुणी घासाला हात लावेना. मुलगा आईकडे बघत होता, वहिनी दाराची चौकट धरून उभ्या होत्या. आप्पांनी मान किंचित कलती केली, पातेल्याजवळ करायचे तशी.

मुलाच्या आईनं बाटली उचलली, लेबल वाचलं. "निमोण्याची व्हय?" मग शांतपणे नवऱ्याकडे वळल्या. "ही निदान ताटापाशी हाय. तुमची डिकीतली पण आणा, ठेवा शेजारी. लगीन झाल्यापासनं वेलदोड्याचा वास घेतीया मी."

रावसाहेबांनी मनगटातलं कडं मागं सारलं, पुढं आणलं. मी तोंडातला वेलदोडा तसाच गिळला. शेवटी ते खाली बघून म्हणाले, "भाकरी वाढा पोरी. रस्सा गार होतोय."

लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर आप्पा ओट्याशी पाठ टेकून खाली बसले. "भ्यालो हुतो गार्ड," म्हणाले. "पोरीचा हात बघून लई भ्यालो."

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. झोपेत, कुणालाही काही न सांगता. त्यांनी लपवून केलेली ही एकच गोष्ट.

त्या पंगतीच्या दिवशी मी शिरूरला परतलो आणि धीर करून सगळी हकिगत बायकोला सांगितली. डिकीसकट. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, कपाटातून वेलदोड्याची डबी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"बरं झालं," ती म्हणाली. "दर महिन्याला वेलदोडे आणून मी कंटाळले होते."

आता बाटली आमच्या ताटांशेजारी असते. वेलदोडा चहात जातो.