रॅम्पवरची तुळस

मनीषनगरातल्या आमच्या इमारतीला रॅम्प आहे, हे मी हल्ली कुणाला सांगत नाही. सांगताना तोंड कडू होतं.

आईला लकवा मारला तेव्हा तिला नरखेडकडच्या गावाहून इथे आणलं. फ्लॅट तळमजल्यावरचा, तरी दारापुढे पायऱ्या. दोघांनी उचलल्याशिवाय चाकाची खुर्ची खाली उतरेना. तिला फार काही नको होतं. सकाळी फाटकाशी भाजीचा ठेला येतो, तिथे जाऊन स्वतःच्या हाताने वांगी दाबून बघायची होती. माझी भाजी तिला कधीच पसंत पडली नाही. "सडकेच वांगे आनतं वं तू," हे रोजचं.

मी सोसायटीकडे कितीदा रॅम्प मागितला. एका माणसासाठी कशाला, हे उत्तर ठरलेलं. मग कुठूनसं सेक्रेटरींच्या कानावर आलं, की अपंगांची सोय केली तर घरटॅक्समध्ये सूट मिळते. बघता बघता रॅम्प तयार. नारळ फुटला. आईला नवी साडी नेसवून रॅम्पवर मधोमध बसवलं, फोटो काढला, अर्जाला जोडला. सेक्रेटरी तिच्या पाया पडले.

आई जेमतेम सूट मंजूर होईपर्यंत ठेल्यावर गेली असेल. मग एका सकाळी बघते तर रॅम्पच्या पायथ्याशी, खुर्चीच्या वाटेत मधोमध, सिमेंटने पक्कं बसवलेलं तुळशीवृंदावन. ऊन तेवढ्याच जागी पडतं म्हणे. मी भांडायला गेले तर सेक्रेटरींच्या बायकोने कानाला हात लावले. "लावलेली तुळस हलवायची? पाप कोण घेईन डोक्यावर?"

मला शिसारी आली. देवाला पुढे केलं की समोरच्याचं तोंड आपोआप बंद होतं, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. आणि झालंही तसंच, कारण आईच म्हणाली, "तुळशीले काही नको म्हणू." ती दारातूनच तुळशीला हात जोडायची आणि मी आणलेली वांगी मुकाट्याने खायची.

कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं. ऊस, बोरं, आवळे, मंगलाष्टकं. झाडून सगळी इमारत रॅम्पपाशी, आई वर दारात. सेक्रेटरी प्रसाद घेऊन पायऱ्या चढून आले. "काकू, लगन कसं झालं, बोला."

आईने प्रसाद डोळ्यांना लावला. "चांगलं झालं बाप्पा. पन लगन लागल्यावर पोरगी मांडवात नाही रायत. आता तिले सासरी धाडा."

खाली बाया हसल्या. काकू भारी मजेदार आहेत, म्हणत सेक्रेटरीही हसले. आई हसली नव्हती. ती फाटकाकडे बघत होती.

तुळस अजून माहेरीच आहे. परवा सेक्रेटरी पुन्हा आले होते. सूट पुढे चालू ठेवायला आईचा नवा फोटो लागतो.

"तुळस दिसणार नाही, असा काढू," म्हणाले.